शालिग्राम नाना जाड कसे झाले

पितृपंधरवड्यात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयांच्या मालकांना तेवढे दिवस माश्या मारायची सवय असते. यावलच्या बाहेर, केळीच्या बागांना लागून असलेलं कार्यालय त्या वर्षी मात्र दुपारपासून खच्चून भरायचं. दारातला चपलांचा ढीग पाहून वाटावं, आत कुणा पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न लागतंय. मी तिथून जवळच दवाखाना चालवतो. एका दुपारी माझ्याकडे एकही पेशंट फिरकला नाही. खोकला, गुडघे, शुगर, सगळे तिकडे जाऊन बसले होते. शेवटी मीही शटर ओढलं आणि माझे पेशंट कुठे बरे होतात ते पाहायला गेलो.

आत खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. धुपाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. जिथे एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे भिंतीएवढा टीव्ही उभा होता. त्याच्या दोन्ही कडांवर झेंडूच्या जाडजूड माळा सोडलेल्या, पडद्याचा बराचसा भाग झाकून टाकणाऱ्या. मागे भगवा पडदा. पडद्याआडून लॅपटॉपच्या पंख्याची घरघर येत होती, आणि टीव्हीशेजारी चौरंगावर चित्रानंद महाराज बसले होते. पितरांच्या दर्शनाआधी टीव्हीवर महाराजांचं आशीर्वचन दाखवत. महाराज शेजारी बसून स्वतःचं आशीर्वचन ऐकत आणि मान डोलावत.

मग ते बोलायला लागले. "फोटो मुका असतो, मायबाप. फोटोत माणूस थिजलेला. व्हिडिओत तो चालतो, हसतो, पाणी पितो. म्हणजे तिथे काय आहे? प्राण. तुमच्या पितरांचा प्राण तुमच्या लग्नाच्या सीडीत पडून आहे, आणि तुम्ही त्या सीडीवर इस्त्रीचे कपडे रचून ठेवता."

बायका चुकचुकल्या. एकीनं तर पदरानं डोळेही टिपले. तिच्या कपाटात बहुधा तसंच असावं.

"हा टीव्ही साधा नाही," महाराज म्हणाले. "फोर-के आहे. फोर-के म्हणजे चार 'क'. काया, कर्म, क्लेश, कैवल्य. पिक्सेल म्हणजे पितृशल्य. आणि याचा आकार सोळा-नऊ. सोळा संस्कार, नऊ ग्रह. तुमच्या जुन्या सीडीचा आकार चार-तीन. चार दिशा, तीन लोक. तुमचा बाप त्या चार-तीनमध्ये अडकून पडलाय. त्याला ओढून सोळा-नऊमध्ये आणायचं, यालाच मोक्ष म्हणतात."

पुढे लक्षात आलं की त्या दुपारी महाराज एवढं एकच वाक्य खरं बोलले होते.

आधी अभिमन आबांचे वडील पडद्यावर आले. आबा केळीचे मोठे बागायतदार, तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी हात जोडून पहिल्या रांगेत बसले होते. आधीच्या दर्शनाला वडील म्हणे काडीसारखे दिसले होते. मग आबांनी तृप्तिविधी केला. आज माळा बाजूला सारल्या गेल्या आणि वडील आले ते गुबगुबीत गालांचे, सदऱ्यात न मावणारे. आबा रडायला लागले. "बा जेवला," ते शेजाऱ्याला सांगत होते. "डोळ्यानं पाह्यलं म्या."

त्यानंतर पुकारा झाला, "कैलासवासी शालिग्राम नाना."

मंदाबाई उठल्या. त्या माझ्या जुन्या पेशंट, शुगरच्या; मी त्यांना अक्का म्हणतो. शालिग्राम नाना त्यांचे यजमान, जाऊन दोन वर्षं झालेली. सोबत मुलगा हितेंद्र होता आणि सून चारुलता. हितेंद्र केळीचा व्यापार करतो, चारुलता हायस्कुलात गणित शिकवते. व्हिडिओ या दोघांच्याच लग्नाचा, धरणगावचा, वीसेक वर्षांपूर्वीचा.

माळा पुन्हा आत ओढल्या गेल्या आणि मधल्या अरुंद जागेत नाना दिसले. फेटा बांधलेले, वरातीत चालणारे. पण कसे? चिंध्यांच्या बाहुल्यासारखे बारीक. चेहरा असा अंधुक की नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते ते कळेना. आणि चालणं तर बघवत नव्हतं. एक पाय टाकला की अडकत, मग एकदम पुढे उडी मारल्यासारखे सरकत, पुन्हा अडकत.

महाराजांनी उसासा सोडला. "माताजी, अंधुक दिसतात, कारण त्यांची आठवण विरत चालली आहे. अडखळतात, कारण पायात बळ नाही. आणि बारीक का, ते मी सांगायला नको. उपाशी आहेत."

मंदाबाई एक पाऊल पुढे आल्या. "मी तं रोज घास टाकते, महाराज. कावळा खातो."

"कावळा खातो आणि नाना बघत बसतात."

ते वाक्य त्या बाईच्या काळजात कसं रुतलं ते मी समोर पाहिलं. तिनं सगळं आयुष्य त्या माणसाच्या ताटाकडे लक्ष ठेवून काढलं होतं. महाराजांनी सांगितलं, हातातल्या सोन्याच्या पाटल्या चौरंगाजवळच्या तृप्तिकुंभात ठेवायच्या. आणि सर्वपित्री अमावास्येच्या दर्शनापर्यंत रोज दिवस मावळेस्तोवर अन्न घ्यायचं नाही. पत्नी उपाशी राहिली की तिचा घास वर पोचतो.

मी उभा राहिलो. "यांना शुगर आहे. गोळ्या चालू आहेत. उपास करून चालणार नाही."

महाराज प्रेमानं हसले. "डॉक्टर, तुम्ही देहाची शुगर बघता. मी देहापलीकडची बघतो."

सगळं कार्यालय हसलं. माझेच पेशंट, आणि सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. मी खाली बसलो. मंदाबाईंनी पाटल्या काढल्या. एक चटकन निघाली, दुसरीला साबण लावावा लागला.

*

अमावास्येला अजून अवकाश होता तेव्हा एका सकाळी हितेंद्रनं आईला उचलूनच दवाखान्यात आणलं. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. सकाळची गोळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं. साखर पार खाली गेली होती. सलाइनमधून ग्लुकोज गेलं तशी त्यांना ओळख पटू लागली. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"अक्का, थोडं खा. जीव जाईल अशानं."

"जाऊ द्या. ते तिकडे उपाशी हायेत न मी इथं बिस्किटं खाऊ?"

मी बरंच बोललो. मृत्यूनंतर शरीराचं काय होतं, भूक मेंदूत कशी लागते, सीडीवर नुसत्या खुणा कशा असतात. पदवी मिळाल्यापासून एवढं चांगलं भाषण मी केलं नसेल. मंदाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर असंन, डॉक्टर. पन मी डोळ्यानं पाह्यलं न त्यायले."

डोळ्यानं तर मीही पाहिलं होतं.

चारुलता तोवर सलाइनचे थेंब बघत उभी होती. आता तिनं सासूजवळ स्टूल ओढलं. "आई, आपल्या लग्नाच्या सीडी दोन निघाल्या होत्या. एक आपल्याकडे, एक माझ्या माहेरी. मी काल नवलला फोन करून ती लावायला सांगितली." नवल तिचा धाकटा भाऊ. "त्यात नाना छान चालताहेत. चेहरा स्वच्छ आहे. बारीकही नाहीत, नेहमीसारखे आहेत. मग नाना एकाच वेळी यावलला उपाशी आणि धरणगावला जेवलेले कसे?"

मंदाबाईंनी विचार केला. "तुझ्या माहेरचे लोक घास चांगला टाकत असतीन."

हितेंद्र चिडला. "चारू, आईला त्रास नको देऊ. महाराजांनी आपली सीडी आठ दिवस शुद्धीला ठेवून घेतली होती. शुद्ध केल्यावर खरं दिसतं, तुमच्या घरी अशुद्ध आहे."

"आठ दिवस त्यांच्याकडे होती," चारुलता हळूच म्हणाली, "तेच मला ऐकायचं होतं."

तिनं सासूकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. अमावास्येपर्यंत सकाळी उपासाची भगर तरी खायची, कारण भगर म्हणजे अन्न नव्हे. हा शास्त्रार्थ तिनं कुठून काढला कोण जाणे, पण माझ्या भाषणापेक्षा तो जास्त उपयोगी पडला.

*

सर्वपित्री अमावास्येला कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. भुसावळहून, चोपड्याहून गाड्या आल्या होत्या. मी मंदाबाईंच्या शेजारी बसलो, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवून.

आशीर्वचन झालं, धूप झाला, नानांच्या नावाचा पुकारा झाला. माळा दोन्ही बाजूंना सरकल्या आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळला.

नाना जेवलेले होते. चांगले दोन पंगती जेवलेले. चेहरा रुंद, पोट पुढे, खांदे पैलवानासारखे. अंधुकपणा गेलेला, चालही सरळ, एकसारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हितेंद्रनं डोळे पुसले. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "तृप्त. माताजी, बघा, तृप्त."

मंदाबाई बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. त्या पुढे वाकल्या, डोळ्यांवर हात धरला.

"हे ते नव्हत," त्या म्हणाल्या.

"माताजी, आता देह दिव्य झालाय."

"दिव्य झाला असंन. पन ते असे नव्हते." मग त्यांची नजर नानांच्या मागे गेली. तिथे नवरी चालत होती. "चारू, ही तूच ना?"

"मीच."

"लग्नात तं तू काडी होती व माय. तुले पाहून मी म्हनलं होतं, ही पोर घागर कशी उचलंन. ही एवढी जाडी कशी झाली?"

सगळं कार्यालय वळून चारुलताकडे बघायला लागलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा चारुलताकडे. ती उठून उभी राहिली. वर्गात फळ्यापुढे उभी राहत असेल तशीच.

"मलाही तेच विचारायचंय, महाराज. श्राद्ध सासऱ्यांचं झालं, पोट माझं का सुटलं? मी तर जिवंत आहे."

कुणीतरी मागे फिसकन हसलं.

"पुण्याचा प्रसाद सगळ्या घराला मिळतो," महाराज म्हणाले.

"बरं. मग तो ट्रॅक्टर बघा. वरातीतला आमचा ट्रॅक्टर. मोठं चाक अंड्यासारखं आडवं झालंय. बँडवाल्याचा ढोल पपईसारखा दिसतोय. ट्रॅक्टरनंही घास घेतला का?"

आता लोक खरोखर बघायला लागले. इतके दिवस प्रत्येकानं पडद्यावर फक्त आपलं मेलेलं माणूस पाहिलं होतं. त्याच्या शेजारी काय आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

चारुलता पायऱ्या चढून वर गेली. पर्समधून नवलनं पाठवलेला पेनड्राइव्ह काढला आणि माळेखाली हात घालून टीव्हीला लावला. महाराजांचा माणूस पडद्याआडून धावत आला, पण अभिमन आबा मध्ये उभे राहिले. "थांब रे. पाहू दे."

पडद्यावर तीच वरात आली. नाना मध्यम बांध्याचे, हसरे, बायकोला काहीतरी सांगत चाललेले. चित्राच्या दोन्ही बाजूंना मात्र काळ्या पट्ट्या होत्या.

"बघा," महाराज ओरडले, "सुनेच्या मनात पाप, म्हणून पडद्यावर काळ्या पट्ट्या."

"त्या पट्ट्या असायलाच हव्यात," चारुलता म्हणाली. "त्या काळचा कॅमेरा चार भाग रुंद आणि तीन भाग उंच असं चित्र काढायचा. आजचा टीव्ही सोळा भाग रुंद, नऊ भाग उंच. जुनं चित्र यात न ओढता ठेवलं की बाजूला जागा उरते. ती काळी दिसते. ती कुणाला दिसू नये म्हणून या माळा."

तिनं चौरंगावरचा रिमोट उचलला आणि एक बटण दाबलं. नाना बारीक झाले. ट्रॅक्टरचं चाक उभ्या अंड्यासारखं झालं. पुन्हा दाबलं. नाना जाड झाले. पुन्हा दाबलं, बारीक. कार्यालयात हसू फुटलं, आणि चौथ्यांदा नाना जाड झाले तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

"लाटलेल्या कणकेवर बोटानं गोल काढा," ती म्हणाली, "आणि पोळी दोन्ही हातांनी ओढा. गोल लांबट होतो. पोळीनं काही खाल्लेलं नसतं."

"आणि अंधुक दिसायचे ते?" हितेंद्रनं विचारलं.

"ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके भरपूर असले तर मोर काढता येतो. मोजके असले तर मोर आहे की कोंबडी, कळत नाही. पडद्यावरचं चित्रही ठिपक्यांचंच असतं. या माणसानं लॅपटॉपवर ठिपके कमी करून टाकले, मग चेहरा पुसला गेला. आणि चाल. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. आपल्या जुन्या व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस. त्यातली मधली बरीचशी काढून टाकली की माणूस पाऊल न टाकता पुढे उडतो. आज सगळी परत घातली, म्हणून नाना नीट चालले. तृप्तीचं मशीन काय ते तेवढंच."

पडद्याआडच्या माणसाकडे हितेंद्र वळला, तसं त्यानं न विचारताच सांगून टाकलं. तो लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा. लग्नसराई संपली की हात रिकामे. महाराजांनी बोलावलं, म्हणाले, लग्नं बंद असली तरी लग्नाच्या सीडी आहेत.

महाराज अजून हटायला तयार नव्हते. "ही यंत्राची माया आहे. यंत्र कुणालाही काहीही दाखवेल."

"हे मात्र पटलं," चारुलता म्हणाली आणि तिनं महाराजांचं आशीर्वचन लावून रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावर महाराजांचे गाल आत गेले, मान सुरईसारखी झाली. अभिमन आबा पहिल्या रांगेतून म्हणाले, "अरे, महाराज उपाशी हायेत. यायले दिवस मावळेस्तोवर काही देऊ नका."

कडेकडेनं महाराज निघाले होते, पण दारातल्या चपलांच्या ढिगातून लवकर बाहेर पडता येत नाही. कुणीतरी फोन केला होता; तेवढ्यात पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. तृप्तिकुंभातला ऐवज पंचनामा होऊन ज्याचा त्याला मिळाला, मंदाबाईंच्या पाटल्याही.

लोक पांगत असताना अभिमन आबा मात्र खुर्चीतच बसून राहिले. चारुलता जवळ गेली तेव्हा त्यांनी खाली बघत विचारलं, "म्हंजे माहा बा जेवला नाही?"

ती त्यांच्याजवळ बसली. "आबा, शेवटी शेवटी त्यांना कोण जेवू घालायचं?"

"मीच. दात नव्हते त्यायचे. भाकर वरणात कुस्करून देत होतो. रोज."

"मग जेवले ते. तुमच्या हातचं जेवले. त्याला टीव्हीची साक्ष कशाला?"

आबा मग उठले आणि टोपी सारखी करून बाहेर गेले.

त्याच संध्याकाळी मी हितेंद्रच्या घरी गेलो, अक्कांची साखर तपासायला. नवलचा व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लावलेला होता, पट्ट्यांसकट. मंदाबाई समोर बसून पाहत होत्या. "असेच होते," त्या म्हणाल्या. "पंगतीत बसले की लोकायले वाढा, लोकायले वाढा करत राहायचे. सोतःचं ताट गार." हितेंद्र ताट घेऊन आला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. त्यानं ते आईपुढे ठेवलं आणि समोरच बसून राहिला. त्यांनी बट्टी चुरली, वर तूप घेतलं आणि नाना पडद्यावर हसत असताना पोटभर जेवल्या.

मला पुष्कळ जण विचारतात, शिकलेली माणसंही कशी फसतात हो? मी सांगतो, डोळ्यांनी पाहिलं म्हणून फसतात. डोळा खोटं बोलत नाही, पण त्याच्यासमोर काय ठेवलंय हेही तो विचारत नाही. ते विचारायचं काम बुद्धीचं आहे. आपलं माणूस गेल्याचं दुःख खरं असतं, म्हणून त्याच्या आडून कुणी पाटल्या मागू लागला, कुणाला उपाशी ठेवू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. मेलेल्यांना भूक लागत नाही. जिवंतांना लागते. त्यांना जेवू घाला, आणि पडद्यावर चमत्कार दिसला तर आधी त्याच्या शेजारी काय काय बदललंय ते बघा.